तार कुठे सरकेल? चुंबकीय बलाची दिशा आणि डाव्या-उजव्या हाताचा घोळ

प्रश्न बारावीतल्या विद्यार्थ्याचा आहे आणि थोडक्यात असा आहे. कागदावर एक सरळ तार काढलेली आहे. तिच्यातून विद्युतधारा कागदाच्या खालच्या कडेकडून वरच्या कडेकडे जाते. चुंबकीय क्षेत्र कागदाला लंब, आत जाणारे आहे. तारेवरचे बल कोणत्या दिशेला? दहावीतला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम लावला की उत्तर ‘डावीकडे’ येते. क्लासमध्ये ‘आता उजवा हात वापरायचा’ असे सांगितले, म्हणून तीच तीन बोटे उजव्या हाताची धरली तर ‘उजवीकडे’ येते. त्यात तारेत प्रत्यक्ष धावतात ते इलेक्ट्रॉन, आणि तेही धारेच्या उलट. मग नियमही उलटा करायचा का? शेवटचा भाग असा: हीच तार अर्धवर्तुळात वाकवली तर दिशा आणि बल कसे काढायचे?

बल डावीकडेच आहे. डाव्या हाताने काढलेले उत्तर बरोबर होते. क्लासमध्ये सांगितलेला उजवा हातही बरोबर आहे, फक्त तो असा धरायचा नसतो. घोळ तिथे झाला आहे, आणि हा घोळ इतका सर्रास दिसतो की नीट उलगडून सांगतो.

उजव्या हाताची तीन बोटे एकमेकांना काटकोनात ताणून धरायची, हा फ्लेमिंगचाच दुसरा नियम आहे. तो जनित्राचा. तिथे अंगठा म्हणजे तार ज्या दिशेला हलवली ती दिशा, तर्जनी म्हणजे क्षेत्र आणि मधले बोट म्हणजे त्या हालचालीमुळे तारेत निर्माण होणारी धारा. डाव्या हाताचा नियम मोटरचा: बोटांचे अर्थ तेच, पण धारा आपण सोडतो आणि तार हलते. म्हणजे डाव्या हातात धारा कारण आहे आणि हालचाल परिणाम. उजव्या हातात हालचाल कारण आहे आणि धारा परिणाम. तारेवर बल किती आणि कुठे, असा प्रश्न आला की उजव्या हाताच्या या तीन बोटांचा तिथे काहीच संबंध नाही.

क्लासमधला उजवा हात वेगळा. तो सदिश गुणाकाराचा. अकरावीपासून आपण बल असे लिहितो: धारेच्या दिशेतली लांबी हा एक सदिश (म्हणजे परिमाण आणि दिशा दोन्ही असलेली राशी), क्षेत्र हा दुसरा, आणि त्यांचा सदिश गुणाकार गुणिले धारा म्हणजे बल. सरळ केलेली चार बोटे धारेच्या दिशेला ठेवायची, ती लहान कोनातून क्षेत्राच्या दिशेकडे वळवायची, आणि ताठ अंगठा बल दाखवतो. एका नियमाचा हात आणि दुसऱ्या नियमाची बोटे अशी सरमिसळ झाली की उत्तर हमखास उलटे येते.

माझा सल्ला असा. दहावीची परीक्षा द्यायची असेल तर डावा हातच वापर. पुस्तकात तोच आहे आणि उत्तरपत्रिकेत तोच लिहायचा आहे. अकरावीनंतर मात्र एकदाच काय तो उजवा हात पक्का कर आणि डावा सोडून दे. बलाचे आघूर्ण, कोनीय संवेग, फिरत्या प्रभारावरचे बल, सगळीकडे तोच सदिश गुणाकार येतो. प्रत्येक ठिकाणी वेगळा हात लक्षात ठेवायचा म्हणजे सीईटी-जेईईच्या पेपरात प्रत्येक प्रश्नाला ‘आता कुठला हात?’ असा विचार करत बसावे लागते.

बोटे वळवणे जमत नसेल तर तळहाताचा नियम वापर. मला स्वतःला हाच सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण त्यात बोटे एकमेकांना काटकोनात ताणून धरण्याची कसरत नाही. उजवा हात उघडा, चार बोटे जुळलेली, अंगठा बाजूला ताठ. चार बोटे क्षेत्राच्या दिशेला, अंगठा धारेच्या दिशेला. तळहात ज्या दिशेला ढकलेल ती बलाची दिशा. चुंबकाच्या क्षेत्ररेषा अनेक असतात म्हणून बोटे अनेक, तार एक म्हणून अंगठा एक, आणि ढकलायचे काम तळहाताचे.

तुझे उदाहरण याने करून बघू. कागद टेबलावर ठेवून हे करू नकोस, हात वेडावाकडा होतो. कागद समोरच्या भिंतीवर चिकटवला आहे असे समज. आता ‘कागदाच्या आत’ म्हणजे तुझ्यापासून दूर, भिंतीत. उजव्या हाताची चार बोटे भिंतीकडे कर. अंगठा वर, छताकडे. तळहात कुठे बघतो? डावीकडे. बल डावीकडे. डाव्या हाताने आलेले उत्तरच मिळाले, आणि मिळायलाच हवे; निसर्गाला आपला हात कुठला याच्याशी देणेघेणे नाही.

पण हाताचे नियम हे उत्तर शोधण्याचे साधन झाले. तार डावीकडेच का सरकते, हे एकदा दिसले की हात विसरला तरी चालतो.

तारेला स्वतःचे क्षेत्र असते. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम आठव: अंगठा धारेकडे धरून तार मुठीत पकडली की बोटे ज्या बाजूने वळतात, तसे तारेभोवती वर्तुळाकार क्षेत्र. तुझ्या तारेत धारा वर जाते. म्हणजे तारेच्या उजव्या बाजूला तिचे स्वतःचे क्षेत्र कागदाच्या आत जाते आणि डाव्या बाजूला कागदातून बाहेर येते. आता बाहेरचे क्षेत्र सगळीकडे आत जाणारे आहे. उजवीकडे दोन्ही एकाच दिशेला, म्हणून बेरीज; तिथे क्षेत्र दाट. डावीकडे दोन्ही विरुद्ध, म्हणून वजाबाकी. तिथे क्षेत्र विरळ. तार दाट बाजूकडून विरळ बाजूकडे ढकलली जाते. डावीकडे.

ही युक्ती मी वर्गात नेहमी हाताच्या नियमाआधी शिकवतो. यात लक्षात ठेवायचे एकच: तारेभोवतीचे क्षेत्र कसे वळते. बाकी सगळे बेरीज-वजाबाकीने मिळते. एक काळजी मात्र घ्यायची. तारेचे स्वतःचे क्षेत्र त्या सरळ तारेला ढकलत नाही. बलाच्या सूत्रात फक्त बाहेरचे क्षेत्र येते. दाट-विरळ हे चित्र एकूण क्षेत्राचा ताण आणि दाब कसा वाटला गेला आहे ते दाखवते, आणि त्यातून दिशा बिनचूक मिळते. क्षेत्ररेषांना ताण असतो आणि त्या एकमेकींना बाजूला रेटतात, ही कल्पना फॅरेडेची. तिला गणिती रूप नंतर मॅक्सवेलने दिले.

हे सगळे मुलांना अवघड जाते यात मुलांची काही चूक नाही, असे मला मनापासून वाटते. १८२० पर्यंत माहीत असलेली सगळी बले दोन वस्तूंना जोडणाऱ्या रेषेत ओढणारी किंवा ढकलणारी होती. गुरुत्वाकर्षण तसे, दोन प्रभारांमधले बल तसे, दोन चुंबकध्रुवांमधलेही तसे. त्या वर्षी कोपनहेगनमध्ये हान्स ख्रिश्चन ओरस्टेडने धारा वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्र ठेवले, तेव्हा सुई तारेकडे ओढली गेली नाही, तारेपासून दूरही गेली नाही. ती तारेला आडवी वळली. लगेच पुढच्या वर्षी, १८२१ मध्ये, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने पाऱ्यात टोक बुडवलेली तार चुंबकाभोवती गोल फिरत राहते हे दाखवले. बल तारेलाही लंब आणि क्षेत्रालाही लंब असल्यामुळे तार चुंबकाकडे जाऊ शकत नाही आणि दूरही पळू शकत नाही; ती फिरतच राहते. जगातली पहिली विद्युत मोटर ती हीच. ज्या दिशेमुळे आपल्याला बोटे वळवावी लागतात, तिच्यामुळेच फिरणारी यंत्रे शक्य झाली. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकवणाऱ्या जॉन अँब्रोझ फ्लेमिंगने विद्यार्थ्यांना दिशा लक्षात राहाव्यात म्हणून हातांचे नियम बसवले. म्हणजे ते मुळातच शिकवण्याच्या सोयीसाठी आहेत.

आता इलेक्ट्रॉनचे बघू.

नियम उलटा करायचा नाही. धारेची दिशा म्हणजे धन प्रभार ज्या दिशेला गेला असता ती दिशा, हा संकेत इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीचा आहे. तारेत इलेक्ट्रॉन उलट दिशेला जातात हे खरे, पण त्यांचा प्रभारही ऋण आहे. फिरत्या प्रभारावरचे बल म्हणजे प्रभार गुणिले वेग आणि क्षेत्र यांचा सदिश गुणाकार. वेग उलटा केला की एकदा चिन्ह बदलते. प्रभार ऋण घेतला की दुसऱ्यांदा बदलते. दोन वेळा उलटलेले पुन्हा सुलटे होते. म्हणून तारेवरच्या बलासाठी आत कोण धावते याची चौकशीच करायची नाही. धारेचा बाण घ्यायचा आणि पुढे जायचे. उदाहरणात तार नसून एकटा इलेक्ट्रॉन क्षेत्रात शिरत असेल तर मात्र दिशा काढून झाल्यावर एकदा उलटायची. तिथे विसरलास तर गुण गेलेच म्हणून समज.

या ‘दोनदा उलट’ प्रकारातून एक सुंदर गोष्ट निघते. धन प्रभार वर धावत असोत किंवा ऋण प्रभार खाली धावत असोत, तुझ्या उदाहरणात दोघांनाही बल डावीकडेच ढकलते. म्हणजे तारेऐवजी रुंद पट्टी घेतली तर धावणारे जे कोणी आहेत ते डाव्या कडेला गोळा होतील. ते धन असतील तर डावी कड धन होईल, ऋण असतील तर ऋण. बलाची दिशा दोन्हींत तीच, पण दोन कडांमधल्या विभवांतराचे (व्होल्टेजचे) चिन्ह सांगते की आत कोण आहे. १८७९ मध्ये अमेरिकेत एडविन हॉल या तरुण विद्यार्थ्याने सोन्याच्या पातळ वर्खावर हे मोजले. त्याला पडलेला प्रश्नही आपल्या विषयातलाच होता: हे बल तारेवर लागते की तारेतल्या धारेवर? मॅक्सवेलने ते तारेवर लागते असे लिहून ठेवले होते आणि हॉलला ते पटेना. बल धावणाऱ्या प्रभारांवर लागते आणि त्यांच्यामार्फत सगळ्या तारेला मिळते, हे त्यातून स्पष्ट झाले. आजही अर्धवाहक एन प्रकारचा (ऋण प्रभार धावणारा) की पी प्रकारचा (धन प्रभार धावणारा) हे याच पद्धतीने ओळखतात.

आता धारा आणि क्षेत्र यांच्यात काटकोन नसेल तर? इथे फ्लेमिंगची तीन बोटे मुलांना फसवतात, कारण हातात ती कायम काटकोनातच असतात. धारा आणि क्षेत्र यांच्यात ३० अंशांचा कोन असला तरी बल त्या दोघांनाही लंबच असते. दोघे मिळून एक प्रतल ठरते आणि बल त्या प्रतलाला काटकोनात बाहेर उभे राहते. कोन बदलला की दिशा तीच राहते, फक्त परिमाण साइनच्या पटीत बदलते. ३० अंशांना निम्मे, शून्याला शून्य. तळहात वापरताना अंगठा धारेच्या दिशेला ठेवून क्षेत्राचा फक्त तारेला लंब असलेला भाग चार बोटांनी दाखवायचा; तारेला समांतर भाग सोडून द्यायचा, तो काहीच करत नाही.

याचे उत्तम उदाहरण आपल्या पायाखालचे आहे. पूर्वेकडे धारा नेणारी आडवी तार घे आणि पृथ्वीचे क्षेत्र फक्त उत्तरेकडे आडवे आहे असे धर. बल कुठे? चार बोटे उत्तरेकडे, अंगठा पूर्वेकडे, तळहात वर बघतो. तार उचलली जाते. महाराष्ट्रात या आडव्या क्षेत्राचे मूल्य ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. १ मीटर तारेत १० अँपिअर धारा असेल तर बल ०.०००४ न्यूटन, म्हणजे ४० मिलिग्रॅमच्या वजनाएवढे. घरातल्या वायरी हवेत का उडत नाहीत ते यावरून कळेल.

पण क्षेत्र आपल्याकडे पूर्ण आडवे नाही. मुंबईच्या परिसरात ते जमिनीत सुमारे २५ अंशांहून थोडे अधिक खाली झुकलेले आहे. त्या खाली जाणाऱ्या भागामुळे पूर्वेकडे जाणाऱ्या धारेवर आणखी एक बल लागते: चार बोटे खाली, अंगठा पूर्वेकडे, तळहात उत्तरेकडे. म्हणजे एकूण बल वर आणि थोडे उत्तरेकडे कललेले, झुकलेल्या क्षेत्राला काटकोनात. केरळात थुंब्याला गेलास तर तिथे क्षेत्र जवळपास आडवेच आहे, कारण चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ आहे. अग्निबाण सोडायला ती जागा निवडली गेली तेव्हा हे एक मोठे कारण होते. तिथे बल जवळजवळ सरळ वर. आणि तार उत्तर-दक्षिण टाकली तर? आडवा भाग तारेला समांतर, त्याचे बल शून्य. उरतो खाली जाणारा भाग, आणि उत्तरेकडे जाणाऱ्या धारेवर त्याचे बल पश्चिमेकडे. चार बोटे खाली, अंगठा उत्तरेकडे धरून बघ.

पृथ्वीचे क्षेत्र किती नाजूक आहे याची आपल्याकडे एक मोठी साक्ष आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले तेव्हा त्यांच्या धारेच्या क्षेत्राने त्या नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवले गेले. तिथली वेधशाळा आजही चालू आहे.

प्रत्यक्षात हे बल कुठे जाणवते? दोन तारा एकमेकींजवळ असतील तिथे. शेजारी-शेजारी उभ्या दोन तारा, दोघींत धारा वर. डाव्या तारेचे क्षेत्र उजव्या तारेच्या जागी कागदाच्या आत जाते. आता हे अक्षरशः तुझे मूळ उदाहरण झाले: धारा वर, क्षेत्र आत, बल डावीकडे, म्हणजे पहिल्या तारेकडे. एकाच दिशेच्या धारा एकमेकींना ओढतात, विरुद्ध दिशेच्या दूर ढकलतात. ओरस्टेडची बातमी पॅरिसला पोहोचल्यावर काही आठवड्यांतच अँपिअरने हे दाखवले. २०१९ पर्यंत अँपिअर या एककाची व्याख्याही याच बलावर आधारलेली होती.

घरातल्या वायरींमध्ये हे बल नगण्य असते, पण मोठ्या पॅनेलमध्ये शॉर्टसर्किट होते तेव्हा चित्र पालटते. दोन बसबारमध्ये (पॅनेलमध्ये धारा वाहून नेणाऱ्या धातूच्या जाड पट्ट्यांमध्ये) १० सेंटीमीटर अंतर आहे आणि एखाद्या क्षणी २० हजार अँपिअर धारा एकीतून जाऊन दुसरीतून परत येते असे धर. दर मीटरला ८०० न्यूटन बल येते, म्हणजे सुमारे ८० किलोचे वजन, आणि तेही बाहेरच्या बाजूला. धारा दुप्पट झाली तर बल चौपट, कारण दोन्ही बसबारमध्ये तीच धारा आहे. बसबारचे आधार इतके जाड आणि इतके जवळजवळ का बसवलेले असतात ते आता लक्षात येईल. पॅनेलचे काम करणाऱ्याला बलाची दिशा माहीत असलीच पाहिजे, कारण आधार कुठल्या बाजूने टेकू देणार ते त्यावर ठरते.

इथे एक शंका हमखास येते. धारा प्रत्यावर्ती आहे, दिशा सेकंदाला १०० वेळा बदलते, मग ढकलणे-ओढणे असे आळीपाळीने होत नाही का? होत नाही. दोन्ही बसबारमधली धारा एकाच क्षणी उलटते. धारा उलटली आणि क्षेत्रही उलटले तर बल होते तिथेच राहते. दिशेच्या कुठल्याही उत्तराची ही पक्की चाचणी आहे: एक उलटले की बल उलटते, दोन्ही उलटली की बल तेच. आपला स्वयंपाकघरातला मिक्सर यावरच चालतो. त्याच्या मोटरमध्ये कायम चुंबक नसतो. बाहेरच्या फील्ड कॉइलमधून (क्षेत्र निर्माण करणाऱ्या वेटोळ्यातून) आणि कार्बन ब्रशमार्फत आर्मेचरमधून (आतल्या फिरणाऱ्या वेटोळ्यातून) एकच धारा जाते. ती उलटली की क्षेत्रही उलटते, म्हणून पाते एकाच दिशेने फिरत राहते. प्लग उलटा लावून मिक्सर उलटा फिरत नाही त्याचे कारण हेच. खेळण्यातल्या गाडीच्या मोटरमध्ये मात्र कायम चुंबक असतो. तिथे सेल उलटे लावले की फक्त धारा उलटते आणि गाडी मागे धावते. मिक्सरची मोटर उलटी फिरवायची असेल तर फील्ड आणि आर्मेचर यांच्यापैकी एकाचीच जोडणी उलटावी लागते. वाइंडिंग करणारा कुठलाही चांगला मेकॅनिक हे सूत्राशिवाय सांगेल.

स्पीकरची रचना तर मला दिशेचा सर्वांत देखणा वापर वाटते. आत गोल वेटोळे असते आणि चुंबकाची रचना अशी की क्षेत्र मध्यापासून चारी बाजूंना त्रिज्यांच्या दिशेने जाते. वेटोळ्यावर कुठलाही बिंदू घे. धारा स्पर्शिकेच्या दिशेत, क्षेत्र त्रिज्येच्या दिशेत, मग दोघांना लंब काय उरले? फक्त अक्ष. वेटोळ्याच्या प्रत्येक तुकड्यावरचे बल एकाच दिशेला, पुढे किंवा मागे. धारा उलटली की शंकू मागे, पुन्हा उलटली की पुढे, आणि आवाज येतो.

एवढे वाचल्यावर हे हाताने करून बघायलाच हवे. पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनिअमची फॉइल घे आणि तिची एक सेंटीमीटर रुंद, वीतभराहून थोडी मोठी पट्टी काप. दोन पुस्तकांमध्ये तळहाताएवढी फट ठेव आणि पट्टी त्यांवर डावी-उजवी अशी सैल टाक, मधे किंचित झोळ राहू दे. टोके पुस्तकांवर चिकटपट्टीने पक्की कर. फटीत, पट्टीच्या अगदी खाली, निओडिमिअमचा चपटा चुंबक ठेव. त्याच्यावर ध्रुवाची खूण नसते, म्हणून आधी त्याला उभ्या कडेने दोऱ्याला टांगून स्थिर होऊ दे. उत्तरेकडे बघणारा चेहरा तो उत्तर ध्रुव. तो चेहरा वर करून चुंबक ठेवलास की पट्टीजवळ क्षेत्र वर जाते. आता दोन वायरींनी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर जोड, धन टोक डाव्या बाजूला. धारा डावीकडून उजवीकडे, क्षेत्र वर. जोडण्याआधी कागदावर उत्तर लिहून ठेव. चार बोटे वर, अंगठा उजवीकडे, तळहात तुझ्याकडे: पट्टी तुझ्याकडे झेप घेईल. घेतेच. धारा ३ अँपिअर, क्षेत्र ०.१ टेस्ला आणि क्षेत्रातली लांबी ३ सेंटीमीटर धरली तर बल ०.००९ न्यूटन, म्हणजे जवळपास एक ग्रॅमच्या वजनाएवढे. पट्टीचे स्वतःचे वजन ग्रॅमच्या एक दशांशाच्या आसपास. म्हणून ती नुसती हलत नाही, उडी मारते.

मग सेल उलटा कर आणि बघ. मग चुंबक उलटा कर. मग दोन्ही. प्रत्येक वेळी आधी लिहायचे, नंतर जोडायचे. सेल एक-दोन सेकंदांहून जास्त जोडू नकोस, तो आणि पट्टी दोन्ही तापतात. हे चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नकोस, गिळले तर जिवावर बेतते.

परीक्षेत दिशा चुकते ती बहुतेक वेळा नियमामुळे चुकत नाही, आकृती वाचताना चुकते. टिंब म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या बाणाचे टोक, फुली म्हणजे दूर जाणाऱ्या बाणाची मागची पिसे. ‘उत्तरेकडे’ आणि ‘वर’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नकाशात उत्तर वर असते, पण टेबलावरच्या तारेच्या उदाहरणात वर म्हणजे छत. उदाहरणात पूर्व, उत्तर, वर असे शब्द आले की आधी कागदाच्या कोपऱ्यात तीन अक्ष काढ: पूर्व, उत्तर आणि वर, याच क्रमाने. मग पूर्व गुणिले उत्तर म्हणजे वर, उत्तर गुणिले वर म्हणजे पूर्व, वर गुणिले पूर्व म्हणजे उत्तर. क्रम उलटला की दिशा उलट. पेपरच्या वेळी बाकाखाली बोटे वळवत बसण्यापेक्षा हे फार झटपट होते.

राहिली अर्धवर्तुळाची तार. वरच्याच क्षेत्रात, कागदाच्या आत जाणाऱ्या, तार खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत उजवीकडे फुगलेल्या अर्धवर्तुळात वाकवली आहे असे धरू. छोटा तुकडा घे आणि तळहात लाव: प्रत्येक तुकड्यावरचे बल केंद्राकडे येते. वरच्या तुकड्याचे बल थोडे खाली कललेले, खालच्याचे थोडे वर. उभे भाग एकमेकांना रद्द करतात आणि उरते ते डावीकडचे बल. तार डावीकडे फुगवलीस तर प्रत्येक तुकड्यावरचे बल केंद्रापासून बाहेर जाते, पण बेरीज पुन्हा डावीकडेच. क्षेत्र सगळीकडे सारखे असेल तर तार कशीही वेडीवाकडी असो, फक्त सुरुवातीचे टोक आणि शेवटचे टोक जोडणारी सरळ रेषा घ्यायची. दिशाही तिच्यावरून आणि परिमाणही.

आकडे घालून बघ. त्रिज्या १० सेंटीमीटर, धारा ४ अँपिअर, क्षेत्र ०.५ टेस्ला. टोकांमधले अंतर २० सेंटीमीटर, म्हणून बल ०.४ न्यूटन, डावीकडे. अर्धवर्तुळाची लांबी ३१.४ सेंटीमीटर धरून ०.६३ न्यूटन लिहिणारे दरवर्षी भेटतात. त्यांनी वेगवेगळ्या दिशांची बले सरळ बेरजेने मिळवलेली असतात. आणि तार पूर्ण वर्तुळ करून बंद केली तर दोन टोके एकच होतात, त्यांच्यातले अंतर शून्य, म्हणून एकूण बलही शून्य. तरीही प्रत्येक तुकड्यावर बल आहेच: धारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असेल तर वेटोळे आत दाबले जाते, घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर बाहेर ताणले जाते. हे शेवटचे आधी दाट-विरळ पद्धतीने काढ आणि मग तळहाताने पडताळून बघ. दोन्हींचे उत्तर जुळले की हा भाग तुला आला असे समजायला हरकत नाही.